शाबासकीचं वावडं

रायपूरच्या भनपुरीतल्या एका प्लास्टिकच्या गोदामाची आग विझवून गाडी परत आली, तेव्हा वॉर्डातले एक नेते चार कार्यकर्ते आणि झेंडूचे हार घेऊन आमच्या फायर स्टेशनच्या फाटकात उभे होते. जवान काजळलेल्या तोंडांनी रांगेत उभे राहिले. नेत्यांनी पहिला हार रांगेत सगळ्यांत ज्येष्ठ असलेल्या काकांच्या गळ्यात घातला, फोटोवाला "मुस्कुराइए सर" म्हणाला, आणि काकांनी तो हार काढून गाडीच्या पंपावर अडकवला.

"पानी इसने छोड़ा है," ते म्हणाले. "इसकी सर्विसिंग कब से बाकी है. वो करवा दीजिए, हार रहने दीजिए."

नेत्यांचा चेहरा उतरला. आमच्या साहेबांचा तर लालच झाला. मी कंट्रोल रूमच्या खिडकीतून हे पाहत होते आणि मला हसू आवरत नव्हतं. मी तिथे नवीन होते. हा माणूस चमत्कारिक आहे, एवढंच मला तेव्हा कळलं. तो चिडलेला आहे आणि त्याची चीड बरोबर आहे, हे कळायला वेळ लागला.

काका लीडिंग फायरमन, म्हणजे गाडीवरच्या जवानांचे प्रमुख होते. उंची बेताची, आवाज खर्जातला, डावी भुवई कुठल्याशा जुन्या आगीत गेलेली, ती परत आली नाही. त्यांचे वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या वर्कशॉपात कामाला आले आणि रायपूरचेच झाले. आमचंही घर तसंच, विदर्भातून आलेलं. म्हणून मी त्यांना काका म्हणू लागले आणि माझं ऐकून सगळं स्टेशन म्हणू लागलं. "माह्या पोट्ट्यायले मराठी समजते," ते म्हणत, "पण जबाब देतात हिंदीत. म्हणून तुह्याशी बोलून घेतो. नाही तं जीभ गंजून जाईन."

त्यांना शाबासकीचं वावडं होतं. 'जांबाज', 'वीर', 'मनोबल' हे शब्द कुणी उच्चारले की ते उठून बाहेर जात. खिशात साबणाची एक वडी कागदात गुंडाळलेली असे. आगीवरून परतताना ते ती काढून गाडीभर फिरवत आणि प्रत्येकाला हुंगायला लावत. स्टेशनात वांग्याचं भरीत आणायला बंदी होती. बंदी कुठे लिहिलेली नव्हती. एका नव्या जवानाच्या डब्यात एकदा भरीत निघालं, तर काकांनी काही न बोलता तो डबा उचलला, फाटकाबाहेर जाऊन भरीत स्वतः उभ्याउभ्या खाल्लं आणि त्याला स्वतःचा डबा दिला. त्याला काही उमगलं नाही. सहा महिन्यांनी, एका जळालेल्या खोलीत जाऊन आल्यावर, त्याला आपोआप उमगलं. भाजलेल्याचा वास काय असतो, ते त्याला कुणी सांगावं लागलं नाही.

पण काकांचं खरं वेड म्हणजे ओटा.

स्टेशनच्या मागे सिमेंटचा एक लांब ओटा होता. आगीवरून आल्यावर होज, म्हणजे पाणी मारायचे जाड कापडी पाइप, तिथे धुऊन वाळायला टांगत. हे काम सफाई कर्मचाऱ्यांचं. काकांच्या पाळीत मात्र जे जे आगीवर गेले ते सगळे ओट्यावर बसत आणि आपले पाइप आपल्या हातांनी घासत. त्याआधी कुणी घरी जायचं नाही. पाळी संपली असली तरी नाही.

"घरी जाऊन बायकोवर खेकसण्यापेक्षा हे घास," ते म्हणत.

आणि मग ते स्वतः सुरू करत. "माह्या बुटात पाणी गेलं ना बाप्पा. मोजा असा चिपकला का निघतच नव्हता." दहा मिनिटं मोज्यावर. कुणीतरी कंटाळून दुसरं काही सांगे. त्या घरात भिंतीवर कॅलेंडर तसंच होतं, जळलंच नाही. दारात बांधलेला कुत्रा होता. असं करत करत कुणीतरी ते बोलून जाई, जे घशात अडकलेलं असे. हात कामात असत, नजरा पाइपावर असत, कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहत नसे. काका "रडू नको" म्हणत नसत. "मी समजू शकतो" तर कधीच नाही. फक्त इथल्यासारखं "हव", म्हणजे हो, म्हणत आणि पाइपावर एक मग पाणी ओतत.

"कुछ नहीं होता यार" या वाक्याला तिथे शिक्षा होती. जो म्हणेल त्यानं आणखी एक पाइप धुवायचा. "ज्याले काहीच होत नाही, त्याच्या बाजूले मी उभा राहात नाही," काका म्हणत. "त्याले माह्यंही काही वाटणार नाही. तो मले काय बाहेर काढते?"

मी ओट्यावर पहिल्यांदा बसले ते गोल बाजारातल्या आगीनंतर. कापडाच्या दुकानाच्या वर राहणाऱ्या एका बाईचा फोन मी घेतला होता. "दीदी, सीढ़ी में धुआं है, किधर से निकलें?" मी शिकवल्याप्रमाणे सांगितलं. ओलं कापड तोंडावर धरा, खिडकीशी या. ती कुणाला तरी हाक मारत होती, मग नुसता खोकला, मग फोन बंद. गाडी केव्हाच निघाली होती. लगेच दुसरा फोन आला, मी तो घेतला. पाळी संपेपर्यंत मी फोन घेत राहिले आणि डबा न उघडता घरी निघाले.

काका फाटकात उभे होते. "चाल."

"कुठे काका?"

"ओट्यावर."

"मी तर आगीवर गेलेच नव्हते."

"तुले दिसली नाही, तुले ऐकू आली. चाल, पाइप धर."

मी पाइप धरला आणि त्यांनी मला सांगितलं की त्या बाईला शिडीवरून उतरवली, ती दवाखान्यात आहे, खोकते आहे, पण बोलते आहे. मी तिथेच हमसून रडले. "कंट्रोलले कोणी काही सांगत नाही," काका म्हणाले. "फोन कटला का गोष्ट अर्धी राहाते. अर्धी गोष्ट लई त्रास देते." त्यानंतर प्रत्येक वर्दीहून आल्यावर ते खिडकीशी येत आणि शेवट सांगून जात. चांगला असो, वाईट असो. माझ्या आधी कितीतरी बायका त्या खुर्चीत बसून गेल्या असतील. कुणालाही ही साधी गोष्ट सुचली नव्हती. ना साहेबांना, ना त्यांच्या वरच्या साहेबांना.

त्यांना जे सुचायचं ते असं. एका वर्षी त्यांनी सगळ्या जवानांसाठी एका हॉटेलच्या हॉलमध्ये 'मानसिक दृढता शिविर' ठेवलं. बाहेरून एक ट्रेनर आले, टाय लावून. त्यांनी हातात एक स्प्रिंग घेतली, ताणली, सोडली आणि म्हणाले, "देखिए, वापस अपने आकार में. आपको ऐसा बनना है."

काका मागच्या रांगेतून उठले. "सर, हमारी गाड़ी की स्प्रिंग रोज खींचते हैं. ढीली पड़ गई है. ऑफिस कहता है, अगले साल बदलेंगे."

हॉल हसला. ट्रेनरही हसले आणि म्हणाले की अशा निगेटिव विचारांनीच मन कमजोर होतं.

"हां," काका म्हणाले. "और बारह घंटे की ड्यूटी के बाद फिर बारह घंटे रोक लेने से नहीं होता?"

शेवटी सगळ्यांना एक छापील फॉर्म दिला: मी मानसिकदृष्ट्या पूर्णपणे सक्षम आहे. खाली सही. सगळ्यांनी केली. काकांनी फॉर्मवर मराठीत लिहिलं, 'आज आहे. उद्याचं उद्या विचारा.' कार्यालयात त्या फॉर्मचं काय करावं हे कुणालाच ठरवता आलं नाही. मला आजही प्रश्न पडतो, ते फॉर्म नक्की कुणासाठी होते? उद्या एखादा जवान कोलमडला तर त्याचीच सही त्याच्यासमोर धरायला?

आमच्यात सगळ्यात मजबूत होता खिलावन. धमतरीकडचा, चाळिशीचा, दारातून तिरका होऊन शिरावं लागे एवढे खांदे. अडकलेल्या माणसापर्यंत सरपटत जायचं काम त्याचं. जाताना गुणगुणायचा. ओट्यावर सगळ्यात जास्त हसवायचाही तोच.

उरला या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात राख साठवायचा मोठा लोखंडी हौद शेडवर कोसळला तेव्हा दुपार होती. बाकीचे मजूर पळाले. एकाचे पाय गर्डरखाली सापडले. त्याच्यापर्यंत पोचायला कुशीवर सरकत जाण्याएवढीच फट होती. खिलावन आत गेला आणि त्याचा हात धरून बसला. बाहेर गॅसकटरनं एकेक पत्रा कापत होते. दोन तास झाले. तो माणूस शुद्धीत होता, बोलत होता. आतून मधूनमधून खिलावनचं हसणंसुद्धा ऐकू येत होतं, असं नंतर जवानांनी सांगितलं.

मग साहेब आले. त्यांच्यामागे कॅमेरे आले. कुणी मोठे पुढारी भेट द्यायला निघाल्याची खबर आली. गर्डरला क्रेनचा हूक लागला होता, पण काकांनी हात वर करून क्रेन थांबवली होती. खूप वेळ दाबला गेलेला माणूस एकदम मोकळा करायचा नसतो. पायात साठलेलं विष रक्तातून एकदम हृदयाकडे जातं. आधी डॉक्टर लागतो, सलाइन लागतं. हे काकांना माहीत होतं. साहेबांनाही माहीत असायला हवं होतं, त्यांचा पगार त्यासाठीच होता. डॉक्टरची गाडी वाटेत ट्रकांच्या रांगेत अडकली होती. दहा मिनिटांत पोचते, असं मीच वायरलेसवर कळवलं होतं.

"उठाओ," साहेब म्हणाले.

"सर, दस मिनट."

"ये आदेश है."

माझ्या टेबलावरच्या वायरलेसवर काकांचा आवाज आला. संथ, एकेक शब्द सुटा. "कंट्रोल, नोट करो. डॉक्टर पहुंचे नहीं हैं. मैंने रुकने को बोला है. साहब का आदेश है कि अभी उठाओ. टाइम लिखो."

मी लिहिलं. वेळ घातली, खाली सही केली.

गर्डर उचलला. खिलावननं त्या माणसाला ओढून बाहेर आणलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, फोटो निघाले. स्ट्रेचरवर तो पाचेक मिनिटं जिवंत होता. पाणी मागितलं, खिलावननं ओंजळीनं ओठ ओले केले, आणि तो गेला. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात टाळ्यांचा फोटो होता. डॉक्टर आल्यावर उचललं असतं तर तो जगला असता का, मला माहीत नाही. पण ती दहा मिनिटं त्याची होती. कॅमेऱ्यांची नव्हती.

त्या संध्याकाळी ओट्यावर काकांनी मोज्याची गोष्ट काढली नाही. पाइप समोर तसाच ठेवून खिलावन म्हणाला, "मैं ह मार डारेंव ओला." मीच मारलं त्याला. एवढंच, पुन्हा पुन्हा. ज्यानं दोन तास हात धरला, तो त्याच हाताकडे बघून हे म्हणत होता. काकांनी "हव"सुद्धा म्हटलं नाही. त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्याचा पाइप घासू लागले.

आता मी काय केलं ते सांगते.

चार दिवसांनी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला. आवाजात कळकळ होती. "लड़के कैसे हैं? खिलावन ठीक है ना? आप लोग पीछे बैठते हैं, बातें करते हैं, मुझे तो कोई कुछ बताता नहीं." मला वाटलं, विचारतो आहे बिचारा. मला वाटलं, खिलावनला रजा मिळेल. मी सांगितलं. तो झोपत नाही, जेवत नाही, मीच मारलं म्हणतो.

साहेबांनी मान हलवली आणि पॅडवर काहीतरी लिहिलं.

इकडे कारखान्याच्या फाटकात मजुरांनी धरणं धरलं होतं. माणूस जिवंत बाहेर आला होता, मग मेला कसा? चौकशी लागली. आणि खिलावनच्या हातात निलंबनाचा कागद पडला. त्यात लिहिलं होतं, मृताला हाताळताना निष्काळजीपणा झाल्याचं 'कर्मचारी ने स्वयं स्वीकार किया है.' त्याचा छत्तीसगढीतला हुंदका स्वच्छ सरकारी हिंदीत कबुलीजबाब होऊन आला होता.

काकांनी तो कागद वाचला. मी त्यांच्याकडे गेले आणि सांगितलं, "काका, हे मी बोलले होते. मीच."

"मले मालूम आहे."

"तुम्हाला कसं..."

"चहा तुह्यासाठी गेला होता केबिनात. साहेब कोणाले चहा पाजते कधी?" त्यांनी कागदाची घडी मुठीत आवळली. मला वाटलं, आता मला मारतील. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. "तू रजेसाठी सांगितलं. त्यानं फाशीसाठी लिहून घेतलं. आता तू स्वतःले शिव्या देत बसशीन, तो खिलावन स्वतःले शिव्या देत बसला आहे, अन् ज्यानं आदेश देला तो आरामात झोपून राहिला. काहून? पाणी ज्वाळेवर मारायचं नसते पोरी. जिथून पेटते तिथं मारायचं असते. राग आला ना? येऊ दे. पण जागेवर मार."

चौकशीत काकांनी सगळं सांगितलं. आपण थांबा म्हटलं, साहेबांनी आदेश दिला. साहेब म्हणाले, असा आदेश दिलाच नव्हता. तिथे असलेल्या जवानांना विचारलं, तर कटरच्या आवाजात काही ऐकू आलं नाही, असं एकेकानं सांगितलं. मी त्यांना दोष देत नाही. म्हणजे, देते. पण त्यांची मुलं मी पाहिली आहेत. मग चौकशी अधिकाऱ्यांनी काकांना विचारलं, दुसरा काही पुरावा? साक्षीदार? आणि काका म्हणाले, नाही.

हे मला टाइप करणाऱ्या बाबूनं सांगितलं. मी पाळी दुसरीच्या हवाली करून सरळ ओट्यावर गेले. काका एकटेच कोरडा पाइप गुंडाळत होते.

"वायरलेसच्या वहीचं काहून नाही सांगितलं?"

"वहीत तुही सही आहे."

"मग?"

"तुहं कंत्राट साहेबाच्या सहीनं वाढते. तुह्या पगारावर घरी तिघं जेवतात. मंग काही नाही."

मला इतका संताप आला की माझा आवाज सगळ्या आवारात गेला. "म्हणजे माझी हिंमत किती, हे तुम्ही ठरवणार? साहेबांनी खिलावनचं मन काय आहे ते स्वतःच ठरवलं. तुम्ही माझं ठरवलं. फरक काय राहिला?"

काकांनी पाइप खाली ठेवला. त्यांच्याशी असं कुणी बोललं नसावं. मग म्हणाले, "चुकलं माह्यं."

दुसऱ्या दिवशी मी वही घेऊन चौकशीच्या खोलीत गेले. पान उघडून टेबलावर ठेवलं आणि सांगितलं की ही वेळ माझ्या हातची आहे, ही सही माझी आहे. साहेब समोरच बसले होते. ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत होते, जणू टेबल बोलायला लागलं.

तुम्हाला वाटेल, मग न्याय झाला. अहवालात आलं की मृत्यू परिस्थितीजन्य होता आणि दोष कुणा एकाचा म्हणता येत नाही. खिलावनचं निलंबन उठलं. साहेबांची बदली मोठ्या शहरात, मोठ्या पदावर झाली. त्यांच्या निरोप समारंभात 'कणखर नेतृत्व' हे शब्द तीनदा आले. माझं कंत्राट पुढच्या वर्षी वाढलं नाही. काकांना निवृत्तीला थोडे दिवस राहिले असताना भांडारात बसवलं, जिथे त्यांच्या हाताखाली माणूस नव्हता, फक्त शिड्या आणि बादल्या होत्या. यातलं माझं आणि काकांचं नंतरचं. आधी खिलावनचं सांगायचं आहे.

खिलावन परत आला आणि गाडीवर चढू शकला नाही. घंटा वाजली की सगळ्यांबरोबर धावत यायचा, दांडीला हात घालायचा आणि तसाच उभा राहायचा. गाडी निघून जायची. निर्दोष सुटला ना, मग आता काय नाटक आहे, असं नवे साहेब म्हणू लागले. पंधरा दिवसांत फिटनेसचा दाखला आण, नाही तर घरी जा, असा कागद आला. जो विभाग त्याला खुनी म्हणत होता, तोच आता त्याला कामचोर म्हणत होता. मधल्या काळात त्याला कुणीही एक डॉक्टर दाखवला नव्हता. एक सुट्टी दिली नव्हती. स्प्रिंगवाले ट्रेनर मात्र पुन्हा येणार होते.

अशातच एका सकाळी माझ्या टेबलावर, आगीच्या नंबरवर फोन आला. बाईचा आवाज, दबलेला. "दीदी, आगी नइ लगे हे. फोन झन काटहू." आग लागलेली नाही, पण फोन कापू नका. ती त्या उरल्याच्या मजुराची बायको होती. कारखान्याच्या ऑफिसात गेली तर फाटकातूनच परत पाठवली. आमच्या कार्यालयात गेली तर 'प्रकरण चौकशीत आहे' म्हणून घालवून दिली. तिच्याजवळ एवढाच एक नंबर होता, जो गाडीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला असतो. तिला एकच विचारायचं होतं. तिच्या नवऱ्याजवळ शेवटी कोण होतं?

त्या लाइनवर असं बोलत बसायची आम्हाला मनाई होती. मी तिला सांगितलं, उद्या अकरा वाजता फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर या.

मृताच्या नातेवाइकांना भेटायचं नाही, असा लेखी आदेश होता. काकांना मी तो दाखवला. त्यांनी तो वाचला, घडी करून मला परत दिला आणि खिलावनला हाक मारायला गेले.

ती आली, तेव्हा तिच्याबरोबर सात-आठ वर्षांची मुलगी होती. खिलावन बाकड्याच्या एका टोकाला बसला, मान खाली. काका टपरीवाल्याशी उगीच साखरेवरून वाद घालत पाठ करून उभे राहिले. मी मुलीला बिस्किट दिलं.

बाईनं विचारलं, "तैं रेहे ओकर संग?" तूच होतास का त्याच्याजवळ?

"हव."

मग तिनं सांगितलं, त्या दिवशी सकाळी फोनवर त्यांचं भांडण झालं होतं. हरेलीच्या सणाला तो घरी येणार नाही म्हणाला, तेव्हा तिनं त्याला येऊच नको म्हणून सुनावलं. तो रागात गेला का, एवढंच तिला कळायला हवं होतं.

खिलावननं मान वर केली. माझ्यासमोर तो कित्येक महिन्यांनी सलग चार वाक्यं बोलला. नाही, रागात नव्हता. भांडणाचं सांगून तो हसलासुद्धा. हरेलीला येऊन पोरीला गेडी करून द्यायची, असं त्यानं ठरवलंच होतं, बायकोला चकित करायचं म्हणून बोलला नव्हता. गेडी म्हणजे त्या बांबूच्या उंच काठ्या, ज्यांवर चढून मुलं चालतात. दोन बांबू कापून, तासून, उरल्याच्या त्याच्या खोलीत खाटेखाली ठेवले होते. पोरीची उंची किती झाली असेल, पायरी कुठे बांधावी, हे तो खिलावनला विचारत होता. खिलावननं अंधारात हातानं माप सांगितलं होतं.

"वो भी बोलिस, अतका होही," खिलावन म्हणाला. तोही म्हणाला, एवढी झाली असेल. आणि खिलावननं मुलीच्या खांद्याच्या थोडं खाली हात धरला.

मुलगी त्या हाताच्या जवळ सरकली, माप बरोबर आहे का बघायला. खिलावनचा हात तिथेच राहिला, तरंगत. मग बाईनं तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. ती रडली, खिलावन रडला. काकांचा साखरेचा वाद थांबला होता, पण ते वळले नाहीत.

मायलेकी उरल्याला बांबू आणायला रिक्षात बसून गेल्या. खिलावन आत आला, जवानांच्या खोलीत खाटेवर बसला, एका बुटाची नाडी सोडली आणि बसल्या जागी कलंडून झोपला. भर दुपारी, तोंड उघडं टाकून. काकांनी त्याचा दुसरा बूट काढला, खुर्ची ओढली आणि दारात बसले.

नवे साहेब फेरीवर आले. "ये ड्यूटी पर सो रहा है?"

"सो रहा है."

"उठाइए."

"नहीं उठाऊंगा, सर."

"रिपोर्ट करनी पड़ेगी."

काकांनी खिशातलं पेन काढून त्यांच्यापुढे धरलं. "करिए. लिखिए कि मैंने सुलाया. आप लोगों ने जो तोड़ा है ना सर, वो इतनी देर तो जुड़ने दीजिए."

मी पलीकडच्या कंट्रोल रूममधून हे ऐकत होते, तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. भनपुरीच्या ट्रकअड्ड्यावर एका ट्रकनं पेट घेतला होता. मी पत्ता लिहून घेतला आणि घंटेच्या बटणाकडे हात नेला. ती घंटा नेमकी खिलावनच्या डोक्यावर होती. मी हात मागे घेतला, चपला तिथेच सोडल्या, धावत त्या खोलीशी गेले आणि हलक्या आवाजात म्हणाले, "भनपुरी. ट्रक."

जवान उठले. एकानं दुसऱ्याला खूण केली. बूट हातात घेऊन, खाटांना धक्का न लावता, एकेक जण खिलावनच्या पायथ्यावरून बाहेर पडला आणि अंगणात धावत सुटला. साहेब बाजूला सरकले. काका निवृत्तीला आलेला माणूस, त्या दिवशी गाडीवर जायची त्यांची पाळीही नव्हती. ते खिलावनच्या जागी दांडी धरून चढले आणि ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून त्याला काहीतरी म्हणाले.

गाडी नेहमीइतक्याच वेळात फाटकाबाहेर गेली. सायरन त्यांनी पुढच्या वळणावर सुरू केला.